आर्थर ट्रूप

आर्थर ट्रूप (जन्म : लिंकन, इंग्लंड, १५ डिसेंबर १९१४, मृत्यू : ३० नोव्हेंबर २०००) हे लिंकनशायर पोलीस दलातील सार्जंट आणि इंटरनॅशनल पोलीस असोसिएशन अर्थात आयपीए या संघटनेचे संस्थापक होते. देशोदेशींच्या पोलिसांना मैत्रीच्या नात्याने जोडणारी ही संघटना कोणत्याही सरकारने किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याने नव्हे, तर एका सार्जंटने उभी केली.

पूर्वायुष्य

ट्रूप यांनी ऑक्सफर्डच्या रस्किन कॉलेजात अर्थशास्त्र व सामाजिक शास्त्रांचा अभ्यास केला. ऑक्सफर्ड म्हटले की सधन घराण्यातील विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो. रस्किन कॉलेज मात्र १८९९ मध्ये कष्टकरी वर्गाच्या शिक्षणासाठीच निघाले होते. पुढे त्यांनी ॲव्हनक्रॉफ्ट येथील शेतकी महाविद्यालयातही शिक्षण घेतले आणि १९३६ मध्ये ते लिंकनशायरच्या पोलीस दलात दाखल झाले.

पोलिसाच्या नोकरीत सहसा न आढळणारा एक छंद त्यांना होता, तो एस्पेरांतो भाषेचा. डॉ. झामेनहॉफ यांनी १८८७ मध्ये जगापुढे मांडलेली ही भाषा कोणत्याही एका राष्ट्राची नाही. भिन्नभाषी माणसांना बरोबरीच्या नात्याने बोलता यावे, एवढाच तिचा हेतू. ट्रूप यांच्या पुढील कार्याचे बीज या छंदात शोधणे वावगे ठरू नये.

संघटनेची स्थापना

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील पोलिसांमध्ये परस्परविश्वास उरणे अवघड होते. गुन्हेगारांच्या शोधासाठी १९२३ मध्ये व्हिएन्ना येथे स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय पोलीस आयोग (आजच्या इंटरपोलचा पूर्वावतार) ऑस्ट्रिया जर्मनीला जोडला गेल्यावर १९३८ मध्ये नाझींच्या ताब्यात गेला होता. १९४६ मध्ये त्याची पुनर्रचना झाली खरी, परंतु तो सरकारी यंत्रणांमधील व्यवहार होता. एका देशातील साध्या शिपायाने दुसऱ्या देशातील शिपायाला ओळखावे, त्याच्या घरी जावे, यासाठी कोणतीही वाट नव्हती.

ती वाट ट्रूप यांनी सुचविली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमधील ‘पोलीस रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्यांनी ‘एटी’ या टोपणनावाने लेख लिहून पोलिसांच्या मैत्रीसंघटनेची कल्पना मांडली. हे टोपणनाव म्हणजे त्यांच्याच नावाची इंग्रजी आद्याक्षरे होत. लेखाला वाचकांचा भरघोस प्रतिसाद मिळाला आणि १ जानेवारी १९५० रोजी आयपीएची स्थापना झाली. प्रारंभी या उपक्रमाकडे साशंकतेने पाहणारेही होते. नोकरी सांभाळून ट्रूप यांनी परदेशांतील पोलिसांशी संपर्क वाढविला आणि पश्चिम युरोपातील बहुतेक राष्ट्रीय शाखांच्या उभारणीस त्यांचा हातभार लागला. १९५५ मध्ये पॅरिस येथे संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कार्यकारी समितीची पहिली बैठक झाली. तीत ते पहिले आंतरराष्ट्रीय सरचिटणीस झाले.

स्वरूप

संघटनेचे ब्रीदवाक्य ‘सेर्वो पेर अमिकेत्सो’ हे एस्पेरांतो भाषेत आहे. मैत्रीतून सेवा असा त्याचा अर्थ. महाराष्ट्र पोलिसांचे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद पोलिसाचे कर्तव्य सांगते, तर ट्रूप यांच्या संघटनेचे ब्रीद ते कर्तव्य बजावणाऱ्या माणसांमधील नात्याविषयी आहे.

पोलिसांच्या सेवेत हुद्द्याला केवढे महत्त्व असते हे सर्वश्रुत आहे. आयपीएत मात्र सभासदत्वासाठी हुद्दा, लिंग, वंश, भाषा अथवा धर्म पाहिला जात नाही. सेवेतील तसेच निवृत्त, दोघांनाही प्रवेश आहे. इंटरपोलशी तिची गल्लत वारंवार होते. इंटरपोलचे सदस्य देश असतात आणि तेथे गुन्ह्यांच्या तपासात सहकार्य होते. आयपीएचे सभासद व्यक्ती असतात. तपासाचा वा अटकेचा कोणताही अधिकार तिला नाही. प्रवास, पाहुणचार, पत्रमैत्री, अभ्यासदौरे आणि अडचणीतील सहकाऱ्याला साहाय्य हे तिचे कार्यक्षेत्र आहे.

१९६९ पासून जर्मनीतील गिमबोर्न येथील गढीत संघटनेशी निगडित शिक्षणकेंद्र चालते. ज्या जर्मनीशी युद्ध संपून जेमतेम पाच वर्षे लोटली असता संघटना स्थापन झाली, त्याच देशात हे केंद्र असावे ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

सन्मान

संघटनेच्या स्थापनेबद्दल ट्रूप यांना १९६५ मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल देण्यात आले. ब्रिटिश एम्पायर या सन्मानश्रेणीत हे पदक खालच्या दर्जाचे मानले जाई व बहुधा कनिष्ठ हुद्द्यावरील व्यक्तींना मिळे. संस्थापकाच्या कार्याचा विस्तार पाहता हा गौरव तोकडाच म्हणावा लागेल. ट्रूप यांच्या मृत्यूसमयी संघटना पाच दशके काम करीत होती. पुढे तिची सभासदसंख्या साडेतीन लाखांवर गेली. नॉटिंगहॅमजवळील वेस्ट ब्रिजफर्ड येथील तिच्या प्रशासकीय केंद्राच्या इमारतीला ‘आर्थर ट्रूप हाउस’ असे नाव देण्यात आले असून त्यांच्या नावे पोलिसांना प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्तीही दिली जाते.