भास्करबुवांचा समाज

थोर गवई गेला की त्याची कीर्ती दोन पिढ्या टिकते. गाणे मात्र बहुधा त्याच्याबरोबरच जाते. गायनाचार्य भास्करबुवा बखले यांच्या बाबतीत तसे घडले नाही. याचे श्रेय जसे त्यांच्या शिष्यांना, तसेच १९११ साली त्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या संस्थेलाही दिले पाहिजे.

बुवांचा जन्म १८६९ साली सुरतेजवळच्या कठोर गावी झाला. बडोद्यास पिंगळेबुवा कीर्तनकारांपाशी त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले. आवाज गोड, म्हणून किर्लोस्कर नाटक मंडळीत प्रवेश मिळाला. 'रामराज्यवियोगा'तील त्यांची कैकेयी लोकांना फार आवडली. पण वयात येताना आवाज फुटला आणि काल टाळ्या घेणारा मुलगा आज कोणाच्या खिजगणतीत राहिला नाही. दुसरा एखादा खचला असता. भास्करने बडोदे गाठून फैजमहंमदखाँचे पाय धरले. पुढे आग्र्याच्या नत्थनखाँकडे आणि त्यानंतर अल्लादियाखाँकडे त्यांनी तालीम घेतली. ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर, तिन्हींची विद्या एका गळ्यात नांदू लागली.

ही विद्या त्यांना सहजी मिळाली नव्हती. त्या काळी चीज मिळवायची तर उस्तादाच्या घरी राबावे लागे, मर्जी सांभाळावी लागे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. नोकरीधंदा सांभाळून गाणे शिकू इच्छिणाऱ्या गृहस्थाला तो मार्ग बंदच होता. दरबारचा आश्रय तरी किती जणांना पुरणार? राजा बदलला की आवड बदले, आणि गवयाचा तनखा त्या आवडीवर लटकलेला. बुवांनी स्वतः काही वर्षे धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकविले होते. वर्गात बसून शिकणारी मुले त्यांनी जवळून पाहिली होती.

१९११ साली सुरू झालेल्या या संस्थेचे नाव होते किर्लोस्कर भारत गायन समाज. अशा समाजाचा संसार बाहेरून दिसतो तितका सोपा नसतो. जागेचे भाडे महिन्याच्या महिन्याला द्यावे लागते, तंबोऱ्याच्या तारा तुटतात, तबला उतरतो. उद्घाटनाच्या बैठकीला दिवाणखाना भरतो. सहाव्या महिन्यात वर्गणीसाठी सभासदांचे उंबरठे झिजवावे लागतात. त्यातून संस्थापक नामांकित गवई असला म्हणजे तो सदा दौऱ्यावर. तेव्हा संस्था जगायची तर रोज संध्याकाळी चटई अंथरून सा लावून बसणारा माणूस हवा.

समाजाच्या नावात ज्या मंडळीचे नाव होते तिलाच दोन वर्षांत तडा गेला. १९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले व गंधर्व नाटक मंडळी निघाली. बुवांचे शिष्यप्रेम बालगंधर्वांकडे ओढ घेत होते; १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाच्या चाली त्यांनीच दिल्या. पण मंडळी दुभंगली तरी समाज दुभंगला नाही. कालांतराने नावातील 'किर्लोस्कर' हा शब्द गळाला आणि 'भारत गायन समाज' तेवढे उरले. आश्रयदात्याच्या नावावाचून संस्था उभी राहू शकते, हे त्यातून दिसले.

८ एप्रिल १९२२ रोजी बुवा निवर्तले. वय अवघे बावन्न. त्यांची विद्या पंजाबात दिलीपचंद्र वेदींनी नेली, रंगभूमीवर बालगंधर्वांनी घरोघर पोचविली. समाजाची धुरा वाहिली ती मास्तर कृष्णरावांनी. गुरूंच्या पश्चात त्यांनी वर्ग चालविले, विद्यार्थ्यांसाठी पुस्तके लिहिली, चिजा स्वरलिपीत बसविल्या. २०११ साली समाजाने शंभरी गाठली.

त्या शंभर वर्षांत तेथे शिकलेल्यांपैकी गवई म्हणून नावारूपाला आले ते थोडे. पण ऐकणारे कान तयार झाले ते असंख्य, आणि मैफल त्यांच्यावरच उभी असते. आपल्या गावात गायन समाज काढू पाहणाऱ्यांनी बुवांच्या चरित्रातून एवढे अवश्य घ्यावे: मोठा गवई पहिल्या दिवशी लागतो, कृष्णराव मात्र रोज लागतो.