रमाबाईंची निष्ठा

श्रद्धेची कसोटी सुबत्तेच्या काळात लागत नाही. १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंना स्वकीयांनी धर्मद्रोही ठरविले. मतस्वातंत्र्याच्या आग्रहामुळे चर्चमधील वडीलधारेही रुष्ट झाले. १८९३ मध्ये पुण्याच्या शारदा सदनातील मुलींच्या धर्मांतराचा गवगवा होताच रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई डगमगल्या नाहीत. तारुण्यात दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-विधवांना केडगावी घेऊन आल्या. १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा निवर्तली. तरीही बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी १९२२ मधील मृत्यूपर्यंत सोडले नाही. निष्ठेचे मोल केवळ फलप्राप्तीवरून ठरविणाऱ्यांनी हा जमाखर्च ध्यानात घ्यावा.