जी. ए. कुलकर्णी : दाराआडचा स्नेह

निपाणीच्या परिसरातील एकसंबा या गावी १० जुलै १९२३ रोजी गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. शिक्षण बेळगावात झाले. घरात मराठी, बाजारात कानडी आणि वाचनात इंग्रजी असा सीमाभागातील मुलांच्या वाट्याला येणारा तिपेडी संस्कार त्यांनाही लाभला. पुढे धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या महाविद्यालयात सुमारे तीन दशके त्यांनी इंग्रजी शिकवले. कानडी नगरात राहून, इंग्रजी शिकवून, लिहिले मात्र मराठीत.

आईवडिलांचे छत्र लवकर हरपले. जिवलगांचे मृत्यूही त्यांनी पाहिले. स्वतः अविवाहित राहिलेल्या जी. एं.नी धारवाडच्या घरी दोन मावसबहिणींना मायेने सांभाळले. ही हकीकत त्यांच्याविषयीच्या आख्यायिकांत बहुधा मागे पडते. लोकांच्या लक्षात राहतो तो काळा चष्मा, सभासंमेलनांकडे फिरवलेली पाठ आणि माणूसघाणेपणाचा शिक्का. तो शिक्का त्यांना न्याय देणारा नाही. भेटीगाठी टाळणारा हा माणूस पत्रांतून मनसोक्त बोलत असे. सांगलीचे म. द. हातकणंगलेकर, आपल्या शेजारच्या आरवलीचे जयवंत दळवी, पुण्याच्या सुनीताबाई देशपांडे अशा अनेकांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. त्यात पुस्तके, चित्रे, माणसे, थट्टा आणि रुसवेफुगवे, सारेच येई. समोरासमोरच्या सहवासात जे अवघड वाटे, ते कागदाच्या अंतरावरून त्यांना सहज साधत असावे.

‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२), ‘रक्तचंदन’ (१९६६) या संग्रहांनी मराठी कथेला नियतीच्या पकडीत सापडलेली माणसे दिली. ती एकाकी आहेत, पण त्यांच्या दुःखाला नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श असतो. ‘कैरी’तील पोरके मूल मावशीच्या घरी येते आणि तिच्याही संसाराची होरपळ पाहते. ‘स्वामी’ या कथेत तर एका वाटसरूला मठातले लोक स्वामी ठरवतात आणि भुयारी खोलीत कोंडतात. पूजा, प्रसाद, आदर सारे काही आहे. नाही ते फक्त बाहेर पडण्याचे दार. इतरांनी आपल्यावर लादलेले थोरपण हा केवढा तुरुंग असतो, हे मराठीत याहून भेदकपणे क्वचितच कुणी सांगितले असेल.

लेखकालाही तसला प्रसंग चुकला नाही. १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार ‘काजळमाया’ला मिळाला आणि ग्रंथाच्या प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला. चूक असलीच तर ती त्यांची नव्हती. तरीही मानाला किंतू चिकटला एवढे त्यांना पुरे झाले; त्यांनी पुरस्कार परत केला. लेखन मात्र थांबले नाही. १९७५ साली ‘सांजशकुन’ व ‘रमलखुणा’ आणि १९७७ साली ‘पिंगळावेळ’ प्रसिद्ध झाले.

अखेरच्या काळात धारवाड सोडून ते पुण्यास आले. तेथेच ११ डिसेंबर १९८७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या निवडक पत्रांचे खंड त्यानंतर निघाले. पहिल्या खंडात सुनीताबाईंना लिहिलेली पत्रे आहेत; सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने पुढे स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाली.