रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहॅम

वायूंच्या विसरणाच्या नियमामुळें थॉमस ग्रॅहॅम याचें नांव वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक असतें. त्याचें चरित्र मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. म्हणून आम्हीं तें येथें संक्षेपानें देत आहों.

ग्रॅहॅमचा जन्म डिसेंबर १८०५ मध्यें स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं झाला. मुलानें धर्मोपदेशक व्हावें अशी वडिलांची इच्छा होती. परंतु त्याचें मन रसायनशास्त्रांत रमलें. वडिलांनीं पैशाची मदत बंद केली, तेव्हां त्यानें शिकवण्या करून आपला निर्वाह चालविला. आईनें मात्र त्याला धीर दिला. पुढें १८३० सालीं तो ग्लासगो येथें व १८३७ सालीं लंडन येथें प्राध्यापक झाला. १८५५ सालीं सरकारी टांकसाळीचा प्रमुख झाला.

त्याचा एक प्रयोग अत्यंत साधा होता. साखर व डिंक एकत्र विरघळवून तें मिश्रण त्यानें खळ दिलेल्या कागदावर ओतलें व कागद पाण्यावर ठेविला. साखर खालच्या पाण्यांत उतरली, डिंक वरच राहिला. कागदाची छिद्रें खळीनें भरलेलीं होतीं. त्या खळींतील पाण्यांतून साखरेच्या लहान कणांस वाट मिळाली, डिंकाच्या मोठ्या कणांस मिळाली नाहीं. हें संशोधन १८६१ सालीं प्रसिद्ध झालें. या क्रियेस त्यानें डायलिसिस असें नांव दिलें.

आज शेजारच्या वाळूजसारख्या ठिकाणीं वाहनांचे लोखंडी भाग राळेच्या रंगाच्या हौदांत बुडवून विजेच्या साह्यानें रंगवितात. राळेचे कण लोखंडावर बसतात, आणि हौदांत आम्ल सांचत जातें. तें न काढल्यास रंग बिघडतो. म्हणून दुसऱ्या विद्युद्ध्रुवाभोंवतीं पडदा ठेवितात. आम्ल त्यांतून निघून जातें, राळ मागें राहते. अशा पडद्याचा एक प्रकार म्हणजे जेलनें छिद्रें भरलेला सच्छिद्र पडदा होय. खळीच्या कागदाचेंच हें पुढचें रूप नव्हे काय? मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांचें रक्तही याच तत्त्वानें शुद्ध करितात.

१६ सप्टेंबर १८६९ रोजीं ग्रॅहॅम निवर्तला. हीं फळें त्यानें पाहिलीं नाहींत. मुलाचा ओढा आपल्या इच्छेहून निराळा दिसला, तर पालकांनीं त्याच्या वडिलांबरोबर त्याच्या आईचेंही स्मरण करावें, आणि विद्यार्थ्यांनीं त्याच्या कष्टांचें, एवढीच आमची विनंति आहे.