लाकडी बदकांचा कारागीर : एल्मर क्रोवेल

एल्मर क्रोवेल यांचा जन्म १८६२ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील ईस्ट हार्विच गावी झाला. तिकडे शिकारी तळ्यात लाकडी बदके तरंगत सोडत. ती खरी समजून रानबदके खाली उतरत आणि गोळीला बळी पडत. एल्मर स्वतः शिकारी. त्यांनी कोरून रंगवलेली बदके अगदी हुबेहूब! पीसन् पीस दिसायचे. १९१८ साली रानबदके मारून विकायला कायद्याने बंदी आली. मग त्यांनी घरात ठेवायच्या शोभेच्या पाखरांवर भर दिला. १९५२ मध्ये ते वारले. २००७ साली त्यांची दोन पाखरे प्रत्येकी अकरा लाख डॉलरांहून जास्त किमतीला विकली गेली. पण मला किमतीचे नवल नाही. जे हात पाखरे मारायचे, त्याच हातांची पाखरे लोक आता जिवापाड जपतात, हे मला मोठे वाटते.