सागरचे विद्यादाते : डॉ. हरिसिंह गौर

बुंदेलखंडातील सागर नगरीत २६ नोव्हेंबर १८७० रोजी हरिसिंह गौर यांचा जन्म एका सामान्य कुटुंबात झाला. उच्च शिक्षणासाठी त्यांना गाव सोडून नागपूरचे हिस्लॉप कॉलेज गाठावे लागले. पुढे केंब्रिजला शिकून ते बॅरिस्टर झाले व मध्यप्रांतात वकिलीवर त्यांनी विपुल धन मिळविले. भारतीय दंडविधान व हिंदू कायदा यांवरील त्यांच्या ग्रंथांना विधिज्ञांत मोठा मान होता.

१९२२ मध्ये ते दिल्ली विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले; नंतर नागपूर विद्यापीठाचीही धुरा त्यांनी वाहिली. अन्यत्र विद्यापीठे चालविताना जन्मगावची उणीव मात्र त्यांना सतत जाणवत राहिली.

अखेर वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, १८ जुलै १९४६ रोजी, स्वकष्टार्जित २० लाख रुपये देऊन त्यांनी सागर विद्यापीठ स्थापन केले. प्रारंभी मकरोनिया येथील लष्करी बराकींत वर्ग भरत. पुढे पथरिया टेकडीवर विद्यापीठाचा विस्तीर्ण परिसर उभा राहिला. आपल्या मिळकतीचा मोठा हिस्साही त्यांनी मृत्युपत्राने विद्यापीठासच दिला. २५ डिसेंबर १९४९ रोजी ते निवर्तले.

१९८३ मध्ये विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आणि २००९ मध्ये त्यास केंद्रीय दर्जा लाभला.

शिक्षणासाठी गाव सोडावे लागलेल्या या पुरुषाने पुढील पिढ्यांची ती पायपीट वाचविली. पोटासाठी गाव सोडून आलेल्या आपणां मंडळींना त्यांच्या ऋणफेडीचे मोल विशेष कळावे.