न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जे विद्वान पुढारी होऊन गेले, त्यांत न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग ह्यांची गणना प्रथम होते. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि त्यांच्या चरित्रात आपल्या मंडळ्यांनी मनन करण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून ते येथे संक्षेपाने देतो.

तेलंगांचा जन्म मुंबईत १८५० साली झाला. त्यांचे चुलते त्रिंबकराव निपुत्रिक असल्याने त्यांनी ह्या मुलास दत्तक घेतले. एल्फिन्स्टन विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. १८७२ साली ते मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करू लागले. हिंदू धर्मशास्त्राचे ग्रंथ ते मूळ संस्कृतात वाचीत, ह्यामुळे वारसा व दत्तक ह्यांच्या खटल्यांत त्यांच्या शब्दास मोठे वजन असे. १८८२ साली त्यांचे गीतेचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. गीतेने नव्या करारातून विचार उसने घेतले, असे एका जर्मन पंडिताने लिहिले होते. ते मत तेलंगांनी प्रमाणे देऊन खोडून काढले. जो आपल्या मताचा नाही, त्याचेही प्रामाणिक परिश्रम मान्य करणे आपणांस शोभते.

१८८२ च्या शिक्षण आयोगाचे ते सभासद होते. १८८४ साली सरकारने त्यांस मुंबईच्या कायदे कौन्सिलात नेमले. १८८५ साली फिरोजशहा मेहता व बद्रुद्दीन तय्यबजी ह्यांच्यासह त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन ही संस्था काढली. हिंदू, पारशी व मुसलमान असे हे तिघे एकदिलाने झटले. १८८९ साली ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि १८९२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले.

त्यांच्या वकिलीतील एक खटला विशेष प्रसिद्ध आहे. रखमाबाई नामक स्त्रीचे लग्न अकराव्या वर्षी लावून दिले होते. वयात आल्यावर तिने नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा नवऱ्याने फिर्याद केली. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे ह्यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. तिच्या वकिलांत तेलंग होते. पुढे निकाल फिरला, आणि १८८७ साली, नांदावयास जा अथवा सहा महिने कैद भोग, असा हुकूम झाला. अखेर १८८८ साली तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेत शिकून डॉक्टर झाल्या. १८९१ साली संमतिवयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला, त्यासही तेलंगांनी पाठिंबा दिला.

असे असता, स्वतःच्या कन्येच्या लग्नाची वेळ आली तेव्हा घरच्या मंडळींपुढे ते नमले, आणि त्यांनी तिचे लग्न बालवयातच लावून दिले. सुधारक मित्रांस ह्याचे अतिशय वाईट वाटले, व विरोधकांस टीकेला आयते निमित्त मिळाले. पुढे लवकरच, १ सप्टेंबर १८९३ रोजी, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी तेलंग निवर्तले.

ह्या थोर पुरुषास दोष देण्याची आपणांस घाई नको. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंक्तीस बसत असे, पण यरुशलेमेची माणसे येताच भिऊन मागे सरला. सत्य त्यास ठाऊक होते. भीती होती ती आपल्याच माणसांची. न्यायाधीशापुढे निर्भयपणे बोलणारा मनुष्यही घरच्या ओटीवर गप्प बसतो.

खोपोली, कर्जत व खालापूरकडील आमच्या खेड्यांतील बंधूंनो, आज २००६ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांपूर्वी मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. तरी स्थळ चांगले आहे, आजी आजारी आहे, लोक काय म्हणतील, अशी बोलणी घरात निघतात. उपदेशकाने व्यासपीठावरून शंभर वेळा सांगितले, आणि त्या एका संध्याकाळी स्वतःच्या घरात तो गप्प राहिला, तर मंडळी त्याचा उपदेश विसरेल, मौन मात्र ध्यानात ठेवील. बाहेर बोललेले सत्य घरातही आचरण्याचे धैर्य प्रभूने आपणांस द्यावे.